एकोणिसावा दिवस

अंगणवाडीच्या वहीत उंची-वजन मी कन्नडात भरते,
ते वर जातं, खानापूरला.
मागची चार पानं माझी, मराठीत.
तिथं लिहिलंय :
पेटी एक, फणी तिसरी.
नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी अंडी दिसली.
उभी. सुईच्या टोकाएवढी.

तीन दिवस अंडं, पाच दिवस अळी,
मग मेणाचं झाकण, आत अकरा दिवस,
एकोणिसाव्याला बाहेर.
जांबोटीच्या लुमाण्णा गावड्यांनी पेटी विकताना सांगितलं,
पैसे मोजता मोजता.

या माशीला सातेरी म्हणतात.
माझ्या नवऱ्याचंही नाव सातेरी,
वारुळातल्या देवीला नवस बोलून झालेला.
दोघं चिडली की
धूर मात्र एकाच सातेरीला देता येतो.

मक्याचं बी यंदा गुलाबी आलं,
जत्रेतल्या साखरेच्या चित्रांसारखं.
पुड्यावर कन्नडात होतं : लष्करी अळीपासून संरक्षण.
मी वाचून दाखवलं. त्याला बरं वाटलं.
मलाही.
टोकणीला मीच होते,
वाफशावर दोन बोटं, एक दाणा, पाऊल, एक दाणा.
दुसऱ्या दिवशी हजेरीला कस्तुरी म्हणाली,
बाई, मेंदी लावलासा?

तुरे आले. माश्या पिवळ्या होऊन परतायच्या,
मागच्या पायांवर परागाच्या गोळ्या.
मी दारात बसून मोजायची, खुशीत.
आत दाईमाश्या तो पराग खातात,
डोक्यातल्या ग्रंथीत त्याचं दूध करतात,
आणि एकेका अळीच्या तोंडाशी नेतात,
दिवसातून किती वेळा, गणतीच नाही.
अकरा पोरांना मी एवढं भरवत नाही.

अळी.
शब्द एकच आहे आपल्याकडं.
मक्याच्या पोग्यात बसून कुरतडते तीही,
मेणाच्या खोलीत कोयत्यासारखी वाकून निजते तीही.
पुड्यानं कुठली ते विचारलं नव्हतं.

औषध फार नव्हतं. मरण्याइतकं तर नव्हतंच.
मोठ्या माश्या मेल्या असत्या तर
पेटीपुढं सडा पडला असता,
सुपात भरून पंचायतीत ओतता आला असता.

एकोणिसावा गेला. विसावा.
एकविसाव्याला चिमट्यानं मी एक झाकण उचललं.
उचलायला नको होतं.
आत पोर, पांढरं, पाय छातीशी घेतलेलं,
रंग फक्त डोळ्यांना. गुलाबी.

गुलाबी बरोबरच असतात म्हणे.
आधी पांढरे, मग गुलाबी, मग जांभळे, शेवटी काळे.
चूक रंगात नव्हती, तारखेत होती.
काट्यावर सात किलो भरणाऱ्या पोराचं वय
आई तीन वर्षं सांगते
आणि आपण पुन्हा काट्याकडं बघतो,
तसं मी वहीकडं बघितलं.

उशिरानं काही निघाल्या.
एकीचा पंख भिजून वाळलेल्या कागदासारखा,
ती फळीवरून चालत कडेपर्यंत गेली, चालतच खाली पडली.
बाकीच्या धड दिसत होत्या.
आठवड्याभरानं त्या दाराशी आल्या,
पेटीकडं तोंड करून घिरट्या घातल्या,
घर ओळखायचा तो त्यांचा पहिला धडा.
दुपारी गेल्या. दिवे लागले.
परतलेल्या मी बोटांवर मोजल्या. बोटं पुरली.

काय बघुलीस एवढं? सातेरीनं विचारलं.
मी वही दिली.
त्यानं बॅटरी धरून चारही पानं वाचली.
बराच वेळ गेला.
मग म्हणाला, पण अळी आली तर?
ते चूक नव्हतं.

गणपती झाल्यावर बेळगावला गेले, रविवार पेठेत.
माझ्या मोडक्या कन्नडात विचारलं, पांढरं बी आहे का, बिळी?
बिळी इल्ला अक्का, म्हणत
दुकानदारानं खालून दुसरा पुडा काढला.
दाणे निळे.
यानं अळीचं काय होतं, मी विचारलं.
तो चटकन मराठीत आला, माणसाला धीर द्यावा तशा आवाजात :
मरते की, अक्का.
कुठलीही असू दे.