होडीची वही

होडी आमच्या पडवीत असते, चांदोरीत.
अकरा महिने तिच्यात कोंबड्या अंडी घालतात,
द्राक्षांची रिकामी कॅरेटं, फवारणीच्या नळ्या,
यंदा तर पुढच्या टोकाला मांजर व्यायली.
येणारा-जाणारा हसतो: समुद्र कुठंय गं, मंदाकिनी?
मी म्हणते, गंगेला येऊ द्या एकदा.

वर्गणीची वही माझ्याकडे.
टर्ल्यांचे पाचशे. दूध डेअरीचे अकराशे.
अडत्यांनी इंजिन दिलं, वेंगुर्ल्याहून आणलेलं, जुनं,
खाऱ्याची सवय, गोड्या पाण्यात आधी ठसकतं.
मुश्ताकभाईंनी जॅकेटं शिवली, शिलाई घेतली नाही.
"वेळ आली तर माझी म्हैस आठवा,"
एवढंच बोलले.
काशिनाथ गडाख: देतो म्हणाले.
तीन वर्षं देतायत.

त्या रात्री नऊला फोन आला,
गंगापूर सुटलं, दारणा सुटलं,
नाशकात दुतोंड्या मारुतीच्या छातीला लागलं.
नाशकात छातीला
म्हणजे आमच्याकडे पहाटे उंबऱ्याला.

अंडी मी पदरात काढली.
मांजरीने पिल्लं कधी हलवली, कळलंच नाही.
बारा जणांनी होडी उचलली, खांद्याखांद्यावरून,
पुंजा पुढे, कमरेएवढ्या पाण्यात.
इंजिन ठसकलं. पुन्हा ठसकलं. मग लागलं.

गडाख टाकीवर बसलेले, बायको, रेडिओ, गॅसची शेगडी.
बॅटरीच्या उजेडात ओरडले,
"पावती पुस्तक आणलंय का रे?"
पुंजा म्हणाला, "आधी उतरा."

पाच खेपा झाल्या.
एकतीस माणसं, दोन शेळ्या, एक शिलाई मशीन.
सहाव्या खेपेला उजाडलं होतं,
मुश्ताकभाईंच्या गोठ्याचं छप्परच दिसत होतं
आणि साखळी तोडायची पकड
आमच्या पडवीत, कॅरेटांखाली.

मी वहीत सगळं लिहिलं.
पेट्रोल किती, दोर किती गेला,
गडाखांचे दोन हजार, पावती क्रमांकासह.
एक ओळ मधे सोडली आहे.

परवा मुश्ताकभाई आले होते.
फाटलेली जॅकेटं मोजली, सात, गोणीत भरून नेली.
म्हशीचं त्यांनी काढलं नाही.
मीही नाही.
निघताना अंडी दिली त्यांना,
होडीतली,
कागदात गुंडाळून.
पकड आता पुढच्या टोकाला बांधली आहे.
कोंबडी तिच्यावरच बसते.