खुराकाची वही

अर्जाच्या अकराव्या रकान्यात विचारलंय :
अपेक्षित फलनिष्पत्ती, शंभर शब्दांत.
चार दिवस झाले, मी दहाव्यातच आहे.

वही मिळाली तालमीच्या फळीवर,
करेल्याच्या जोडीमागं, तेलकट फडक्यात.
महापुराचं पाणी तिसऱ्या खुंटीपर्यंत चढलेलं,
वही चौथीच्या वर होती
म्हणून आहे.

मोडीतली. लिहिणाऱ्याचा हात घाईचा,
अक्षराला अक्षर लागून पळणारं.
गुंडोपंत आजगेकर भिंगातून वाचतात,
वाचता वाचता ओठ हलतात त्यांचे :
दूध दोन शेर. बदाम एक छटाक. तूप.
कुणाच्या नावावर थंडाई, कुणाच्या नावावर फक्त हरभरे.
त्यांचं मानधन मी महिना तीन हजार धरलं.
शैक्षणिक पात्रतेची यादी पदवीपासून सुरू होते,
पंत सातवी पास.
मी ‘इतर’ निवडलं.
‘इतर’च्या पुढं लिहायला जागा नव्हती.

शीतल मगदूम सायटीचं बघतो.
पहिल्या स्कॅनमध्ये पानभर लाल ठिपके,
तो म्हणाला, मॅडम, पुसून टाकतो.
मी काचेवर बोट फिरवलं :
हौद्यातली माती.
राहू दे म्हटलं, तेवढी तरी मूळ प्रत राहू दे.

आता नावावर बोट ठेवलं की पान उघडतं,
पानावर बोट ठेवलं की पंतांचा आवाज,
मध्येच खोकला, मध्येच ‘थांबा हं जरा, हा ज आहे की त’.
तोही ठेवलाय. शंकेची नोंद म्हणून.

मागच्या वर्षी मुलाखतीत विचारलं समितीनं,
छान आहे, पण पुस्तक कधी येणार?
म्हटलं, हेच पुस्तक.
पडद्यावरचे पाचही चेहरे थोडे पुढं झुकले,
जणू माझ्या मागच्या भिंतीवर
कुठं तरी त्याचा कणा दिसेल.
निम्मे पैसे मिळाले.
सर्व्हरचं भाडं तीन वर्षांपुरतं,
चौथ्या वर्षी काय, याला कुठलंच सदर नाही.
फळीनं ऐंशी वर्षं वही सांभाळली,
भाडं कधी मागितलं नाही.

काल यासीन जमादार आला, रिक्षा गल्लीतच लावून.
आमच्या आज्जाचं नाव हाय म्हणं त्यात?
होतं. पान एकोणचाळीस.
हसन जमादार, दूध एक शेर.
त्याच ओळीत पुढं, वेगळ्या शाईत :
उजवा हात मोडला. दूध चालू ठेवणे.
पंतांचा आवाज संपला तरी
यासीन मोबाईल कानाशीच धरून होता.
नंतर म्हणाला, आज्जा पुन्हा कधी लढलाच न्हाई की वो.

मी सगळी वही पुन्हा चाळली रात्री.
नाव, तारीख, शेर, छटाक, रुपये-आणे-पै.
कुस्ती कोण जिंकला, गदा कुणाला मिळाली,
असा रकानाच नाही.
आखायचा विसरला असेल कारकून,
किंवा कुणी विचारलंच नसेल त्याला.

अकराव्या रकान्यात मी पान एकोणचाळीसची ओळ टाकली.
खोडली.
मग ‘स्थानिक सांस्कृतिक वारशाचे
डिजिटल संवर्धन व लोकार्पण’ वगैरे लिहिलं,
पंच्याण्णव शब्द झाले.
अकरा बावन्नला पाठवला अर्ज,
चक्र फिरत राहिलं, फिरत राहिलं,
मग एक पोचक्रमांक आला, चौदा आकडी.

सकाळी गंगावेशीत, म्हशी उभ्या, बादलीत धार.
शीतलनं दोन ग्लास घेतले, फेसाचे,
पैसे त्यानंच दिले.
मिशीवरचा फेस पुसत म्हणाला,
हे कुठल्या सदरात टाकायचं, मॅडम?