साडेआठची नोंद

पाऊस साडेआठला मोजायचा.
आठ एकतीसला मोजला तर तो दुसराच पाऊस असतो,
असं फणसेसाहेब म्हणायचे.
निवृत्त होताना आवाराची किल्ली दिली,
किल्लीबरोबर हे वाक्यही.

नरसाळं उचलायचं, बाटली काढायची,
काचेच्या मापात ओतून डोळ्यांसमोर आडवं धरायचं.
पाणी कडेला थोडं वर चढतं, ते खोटं.
मधला खोलगट तळ ज्या रेघेवर टेकतो
तो आकडा खरा.

सोमवारी माप सात वेळा भरलं.
मंगळवारी मी मोजताना मधेच चुकले,
आठवं की नववं,
आणि त्या रिकाम्या आवारात
उगाच कुणाची तरी माफी मागितली.

नकाशावर तो ओडिशाच्या किनाऱ्यावरून चढला होता,
रायपूर, जबलपूर, इंदूर,
रोज थोडी मजल, नेमानं.
राजस्थानात जाऊन विरायचा असतो असा.
पण उत्तरेला जड हवा ठाण मांडून बसलेली,
आणि त्याच्या रेषा आमच्यावरच थांबल्या,
कुणी मध्य गुजरातवर अंगठा उठवावा तशा.
मग तो फिरत राहिला, जात्यासारखा, जागच्या जागी,
आणि अरबी समुद्र वैरण घालत राहिला.

जमीन तर श्रावणातच पिऊन झाली होती.
शेतात काठी रोवली की
भोकातून पाणीच वर यायचं.

बुधवारी ऊन पडलं.
लख्ख, धुतलेलं, जवळजवळ निर्लज्ज.
समोरच्या भद्राबेननी गच्चीवर गोदड्या टाकल्या,
"उघाड नीकळ्यो!" म्हणाल्या,
आणि मीही हात हलवला.
वहीत लिहिलं : शून्य पूर्णांक शून्य.
आकडा बरोबर होता.
तळ रेघेला टेकलाच नव्हता, तळच नव्हता.

फक्त ईशान्येला पावागढ दिसत नव्हता.
डोंगर जिथे असतो तिथे
काळ्या शाईचा डाग होता.

दुपारी तीनला आजव्याहून फोन :
तलाव भरलाय, वरून वाहतोय.
सव्वाचारला काळ्या घोड्याच्या पुलाशी तेवीस फूट.
पुढे ढाढर तुडुंब,
त्यापुढे खंभातला अमावास्येची भरती,
समुद्र घेईना.
नदीनं मग शहराकडेच वळून पाहिलं.

समामध्ये पाणी रस्त्यावरून आलं नाही.
गटाराच्या जाळीतून आलं, आतून,
बुडबुडे काढत, ओळखीच्यासारखं.
भद्राबेन गोदड्या उचलायला वर गेल्या
तेव्हा ऊन होतं.
खाली उतरल्या तेव्हा शेवटच्या तीन पायऱ्या नव्हत्या.
"वरसाद तो बंध छे," त्या जिन्यातून ओरडल्या,
"तो आ पाणी क्यांथी?"

मला उत्तर येत होतं.
ओडिशापासून सांगता आलं असतं,
जड हवा, अमावास्या, पावागढची उतरण,
सगळं क्रमानं.
मी म्हटलं, "वर या आधी, वरच थांबा."

रात्री वीज नव्हती.
कुणाच्या तरी बॅटरीच्या झोतात
पार्किंगमधून एक मगर गेली,
स्कूटरींच्या मधून, घाई नसलेली,
जणू हप्ता वसूल करायला आलेली.

सकाळी साडेआठला मी आवारात होते.
मांड्यांपर्यंत पाणी, किल्ली दातांत.
पर्जन्यमापकाचं तोंड पाण्याखाली चार बोटं.
चाचपून बाटली काढली.
भरलेली होती, गढूळ,
गवताची एक काडी आत गोल फिरत होती.
आभाळातला यात थेंब नव्हता.
ही हालोलची माती, वाघोडियाचा बांध,
कुणाच्या तरी शेतातला कापूस.

माप काढलं, परत ठेवलं.
आकड्याच्या रकान्यात रेघ मारली.
शेऱ्यात लिहिलं : बाटलीत नदी.
खोडलं.
लिहिलं : उपकरण पाण्याखाली.

दहाला फणसेसाहेबांचा फोन लागला,
पुण्याहून, लेकीकडून, खरखरत.
बरी आहेस का, विचारलं नाही.
"गेली होतीस?" एवढंच.
"गेले होते."
"साडेआठला?"