रकाना क्रमांक अकरा

टेंडरच्या अर्जात अकरावा रकाना होता:
कंपनीची मूल्ये. पाच. प्रत्येकी एका ओळीत.
मी हिशेबनीस. एकोणीस वर्षं
मूल्य म्हटलं की आकडा लिहिते,
घसारा वजा करून.

म्हणून विचारत सुटले.
आमचं दुकान तिबिलिसीत, ग्लदानीच्या एका तळघरात.
नऊ माणसं, दोन गाड्या, त्यांतली एक चालते,
आणि सोळा-सोळा मजल्यांच्या म्हाताऱ्या लिफ्ट,
ज्यांतल्या काही अजून नाणं गिळल्याशिवाय
जागच्या हलत नाहीत.

बाद्री हात पुसत म्हणाला,
दुसऱ्याचा पाना घेतला तर
पुसून परत ठेवायचा. लिही.
जिन्यापर्यंत गेला, परत आला:
पुसून, हे लिहिलंस ना?

त्सिसाना फोन घेतात.
त्या म्हणाल्या, अडकलेल्या माणसाला
पाच मिनिटांत येतो, असं सांगायचं नाही.
चाळीस लागणार असतील तर चाळीस सांगायचं
आणि चाळीस मिनिटं फोन ठेवायचा नाही.
एकदा एका अडकलेल्या पोराशी
त्या तासभर त्याच्या कासवाविषयी बोलत होत्या.
पोराचं नाव विसरल्या.
कासवाचं सांगतात.

मालक शाल्वा म्हणाले, अगं लामारा,
दुसऱ्या कुणाची उतरवून घे,
सगळ्यांची सारखीच असतात.
खोटं नव्हतं. मी पाहिली.
सचोटी, नावीन्य, संघभावना,
कोरी करकरीत,
एकीवरही ग्रीसचं बोट उमटलेलं नाही.

राहिला गोचा.
गोचा बोलत नाही फारसा.
त्यानं खिशातून किल्ली काढली
आणि माझ्या खातेवहीवर ठेवली.

मेन स्विचची किल्ली.
जो शाफ्टमध्ये उतरेल, तिचा खिसा त्याचा.
मालकाचा नाही.
दहाव्या मजल्यावरून ओरडणाऱ्या गिऱ्हाइकाचा तर नाहीच.
तो स्वतःच्या पायांनी वर येईपर्यंत
इमारतीनं जिने चढायचे.

आधी असं नव्हतं.
त्या फेब्रुवारीत किल्ली शाल्वांकडे होती,
बाराव्या मजल्यावर लग्नाचं कपाट जायचं होतं,
घाई होती,
आणि गोचाच्या डाव्या हाताला
पाच बोटं होती.

इन्स्पेक्टर आला तेव्हा
आम्ही सगळे आपापल्या बुटांकडे पाहत होतो.
कुणी विचारायच्या आत शाल्वा म्हणाले,
मी चालू केली. त्यानं हाक दिली नव्हती, तरी मी.
दंड आला. कुठल्या खात्यात टाकू, मी विचारलं.
माझ्या, ते म्हणाले,
आणि तीन वर्षं पगार अर्धा उचलला.
ही नोंद माझ्या अक्षरात आहे,
पान दोनशे चौदा.
तिच्यावर घसारा कसा लावतात
मला कुणी शिकवलं नाही.

रात्री अर्ज भरायला बसले.
पाना. चाळीस मिनिटं. किल्ली.
तीन झाली.
पान दोनशे चौदा एका ओळीत बसेना.
अर्ज तर पाचांशिवाय पुढे सरकेना,
तेव्हा उरलेल्या दोन जागी
नावीन्य आणि संघभावना घातली, झोपायला गेले.

टेंडर दुसऱ्याला मिळालं.
मजकुरात एकसूत्रता नाही, असं कळवलं त्यांनी.

सोमवारी नव्या पोराला घेऊन
गोचा एका शाफ्टमध्ये उतरला.
मी बिलावर सही घ्यायला गेले होते.
खालून, दोरांच्या काळोखातून,
किल्लीचा खिशात होतो तसा बारीक आवाज येत होता.
तोंडाशी शाल्वा उभे,
रिकामे हात पाठीमागे बांधून,
पहारेकरी उभा राहतो तसे,
की आरोपी,
मला पाठीवरून सांगता आलं नाही.
सही मागायला थांबले मी.