सव्वादहाची बस

पहिल्या नोकरीत मी एकोणीस दिवस टिकलो.
दुसरीत भातकापणीपर्यंत.
तिसरीत साहेबांनी रिसेप्शनची कोरी भिंत दाखवली,
म्हणाले, तुम्ही वारली ना?
ती काड्यांची माणसं काढा की इथे.
म्हटलं, मला हेल्पर म्हणून घेतलंय.
आणि आमच्यात ते बाया काढतात, लग्नघरात.
साहेब हसले. महिनाअखेर मी नव्हतो.

मग वागळे इस्टेटच्या एका गाळ्यात
जैत्रीबाई करबट.
जव्हारकडची. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली.
माझा बायोडाटा उलटा घातला, त्यावर चहाचा ग्लास.
येऊरची शेवटची बस किती वाजता?
सव्वादहा.
सेकंड शिफ्ट सुटते?
अकराला.
मग तू टिकला नाहीस, की बस?

वरचा रस्ता रात्री वाघोबाचा असतो
हे तिला सांगावं लागलं नाही.

पॅनल उघडलं तेव्हा
लाल पिवळ्या निळ्या वायरी बघून हात थिजले.
भाताचा भारा कसा बांधतोस?
मूठ मूठ घेऊन, लोंब्या एकीकडे,
बंध पिळून आत खोचायचा.
बांध मग.
बांधला. तिने ओढून पाहिला.
हे तुला येतं, म्हणाली,
बाकीचं पाठ कर. भात चुकला तर सुटतो,
हा चुकला तर मारतो.

आम्ही अकरा जण होतो.
रूपजी मधेच गेला;
बापाने वीटभट्टीवर उचल घेतलेली.
जैत्रीबाई दोनदा त्याला आणायला गेली,
तिसऱ्यांदा नाही.
त्याचं स्टूल कुणी हलवलं नाही.

कंपनीत आमच्याआधी तीच गेली.
फर्स्ट शिफ्ट मागितली,
वाघबारशीची सुट्टी मागितली.
मॅनेजर म्हणाले, हा सण कॅलेंडरवर नाही.
तिने त्यांचंच पेन उचललं.
भिंतीवर त्या तारखेला वसुबारस छापली होती.
तिने गायीखाली वाघ लिहिला.

चौदा पगार झाले.
आयस स्लिपा तांदळाच्या डब्यात ठेवते,
कणसरीजवळ.
वाचता येत नाहीत, पण मोजते.

काल पानखंड्याचा नवा पोरगा आला.
सुपरवायझर विचारत होता, अनुभव काय?
तो बुटांकडे बघत उभा, बूट नवे.
मी पॅनलमधून डोकं बाहेर काढलं:
ए, तुझी शेवटची बस कितीची?