पस्तीस

म्हापशात तिसऱ्या मजल्यावर, टीव्ही होता तिथे
मी साठ लिटर समुद्र ठेवला आहे.
खरा समुद्र स्कूटरनं वीस मिनिटांवर,
पण ते पाणी चालत नाही,
त्यात बोटींचं तेल, शॅकवाल्यांचा साबण.
म्हणून मीठ विकत आणते,
झाकणावर देवमासा छापलेली परदेशी बादली,
आणि आरओच्या पाण्यात रात्रभर ढवळत ठेवते.

बाबांनी बादलीची किंमत विचारली.
सांगितली.
"मीठ? पयशे दिवन?"
मग जेवेपर्यंत बोलले नाहीत.

चाळीस वर्षं आगरवाड्याला मीठ काढलं त्यांनी.
मानस फुटली, शापोऱ्याचं पाणी आत आलं
ते गेलंच नाही. त्या सालापासून माझ्याकडे.
टाचांच्या भेगा तेवढ्या बरोबर आल्या,
आणि लाकडी फावड्याचा एक दांडा,
ज्याला आता पडदा लावलाय.

थेंब काचेवर घेऊन मी खिडकीकडे वळते,
एक डोळा मिटून:
वर निळं, खाली पांढरं,
मधली रेघ पस्तिसावर हवी.
पस्तिसावर असली की झोआंथिड उघडतात,
शर्टाच्या गुंड्यांएवढे, हिरव्या कडेचे,
आणि लेदर कोरल आपल्या भुऱ्या टोपीवर
केस काढून उभं राहतं.
इनासियोनं स्वतःच्या टाकीतून दाढीच्या ब्लेडनं कापून दिलेला तुकडा तो.
म्हणाला, जगला तर तुझा, मेला तर माझा.

पाणी रोज उडतं. मीठ उडत नाही.
हे मी पुस्तकात वाचून शिकले,
घरात हा माणूस बसलेला असताना.
रोज सकाळी दीड कप गोडं पाणी ओतते,
गेलेलं भरून काढते.
बाबा खुर्चीतून बघतात.
ऊन पाणी पितं की नाही, एवढंच बघत
ज्याचे चाळीस उन्हाळे बांधावर गेले,
त्याची लेक
कपाकपानं ते परत भरते आहे.

मे महिन्यात ट्रान्सफॉर्मर उडाला. मी इस्पितळात, नाइट ड्यूटीवर.
फोन आला: "लायट गेल्या. तुजें पाणी उबें रावलां."
पाणी उभं राहिलं की दोन-तीन तासांत सगळं गुदमरतं.
मी म्हटलं, तांब्या घ्या. भरा, वरून सोडा. पुन्हा भरा.
"कितलो वेळ?"
लाइट येईपर्यंत.
पलीकडून काही नाही. मग तांब्या सापडल्याचा आवाज.

सात वाजता आले तर ते स्टुलावर,
बाही कोपरापर्यंत ओली, काखेत टॉर्च,
फरशीभर पाणी, आणि पंपही चालू झालेला
कधीचा, त्यांना ऐकू न आलेला.
"ओहोटी लागली तेव्हा जरा थांबलो," म्हणाले.
कुठली ओहोटी, मी विचारलं नाही.
लेदरनं टोपी आवळून घेतली होती. झोआंथिड सगळे मिटलेले.
बाबांनी बोट बुडवून जिभेला लावलं.
"जड जालां."
मी थेंब काचेवर घेतला, डोळा मिटला.
साडेसदतीस.
दीड कप घेऊन आले, तर त्यांनी हात पुढे केला
आणि धार अशी बारीक सोडली,
जसं कुणी झोपलेलं आहे.

दुपारी दोन झोआंथिड उघडले. संध्याकाळी आणखी सात.
एक कधीच उघडला नाही.

टाकीच्या काठाला मीठ चढतं, पांढरं, खरखरीत,
मी फडक्यानं पुसायची.
हल्ली काठ स्वच्छच असतो.
काल त्यांच्या उशीखाली औषधांची यादी शोधताना
वर्तमानपत्राची पुडी सापडली, दोरा गुंडाळलेली,
वर पेन्सिलीनं तारीख.
आत चिमूटभर.
"कडू आसा," मागून म्हणाले,
"जेवणाक चलचें ना."
आणि पुडी माझ्या हातून घेऊन
पुन्हा तशीच बांधली.