एकच प्रत

निवतीच्या मच्छीमार सोसायटीत, वरच्या खोलीत,
तीन महिने मी फायली ठेवते आहे.
खाली बर्फाचा कारखाना. त्याची घरघर
जिन्यातून वर येते, टेबलाच्या पायांतून
माझ्या कोपरापर्यंत.

ठेवायचं म्हणजे आधी वाट काढायची:
सोसायटी, मग वाडी, मग होडी,
होडीच्या पोटात एक गाठ, जाळ्याला असते तशी.
गाठीला नाव. नावाखाली पेटी.
मग फाईलचं तोंड उघडायचं, नळासारखं,
बाइटमागून बाइट वाहू द्यायचे पेटीत
आणि नळ बंद करायचा, आठवणीने.
वर चिठ्ठी चिकटवायची: हे चित्र, हा आवाज,
हा अमुक तारखेचा कागद.
चिठ्ठी नसेल तर पेटीला कळत नाही आत काय आहे.
शून्यं आणि एक.
डिझेलची पावती आणि कुणाची तरी आई,
तिला दोन्ही सारखीच.

पहिल्या आठवड्यात बेचाळीस आवाज घातले,
म्हाताऱ्या तांडेलांचे, समुद्रातल्या खुणा सांगणारे:
"कळस नि माड एका रेघेत इले काय नांगर टाक,
म्होरं खडप हा."
झाडावर सगळे दिसत होते, जागच्या जागी.
सत्र बंद करून घरी गेले, माशाची कढी जेवले, झोपले.
सकाळी झाड रिकामं.
शेवटची एक ओळ लिहायचीच राहिली होती,
जतन कर, एवढीच.
सेक्रेटरी हरेश्वर तारी चष्म्यावरून बघत म्हणाले,
"जाळ्यात इला म्हणजे होडयेत इला असा नाय, बाये."
ती ओळ मी आता पानाच्या आधी जेवणासारखी,
नको तिथेही लिहिते.

सोमवारी पुंडलिक केळुसकर आला.
रुमालात गुंडाळलेला पेन ड्राइव्ह.
बापाचा फोटो, सावळाराम तांडेलचा.
"माझ्या नावार ठेव. तेच्या वांगडा ठेव नको."
तो म्हणजे धाकटा, नंदू.
सातेरीप्रसादची वाटणी झाली आहे:
इंजिन एकाकडे, सांगाडा दुसऱ्याकडे,
आणि नऊ वर्षं होडी सुरूच्या झाडाखाली
पाणी न बघता उभी.

गुरुवारी नंदू. सीडी. चरे पडलेली.
तोच बाप, तेच डोळे उन्हाला बारीक केलेले.
कुडाळच्या कुठल्याशा स्टुडिओने कधीतरी
एकदाच स्कॅन करून
दोघांना दोन प्रती दिल्या असणार.
"पुंडलिकाच्या शेजारी नको," तो म्हणाला.

मी दोन वाटा काढल्या, दोन गाठी, दोन नावं.
नळ दोनदा उघडला, दोनदा बंद केला.
जतन केलं. आणि साठा मोजला.

वाढला नव्हता.

हा साठा मुकाट्याने एक काम करतो, मी विसरले होते:
आत येणाऱ्या प्रत्येक गोष्टीचा अंगठा घेतो,
आणि ठसा ओळखीचा निघाला तर
दुसऱ्यांदा जागा देत नाही.
वरच्या दोन गाठी खाली तळाशी
एकाच बापाकडे बोट दाखवतात.
एकाने पुसला तरी दुसऱ्याचा राहतो.
दोघांनी पुसला तरीही काही दिवस तो असतो तिथे,
केर काढणारा येईपर्यंत.

शनिवारी पुंडलिक जिन्यातूनच ओरडला,
"ठेवलंस मां? येगळो?"
खाली बर्फ फुटत होता.
"नाव वेगळं आहे," मी म्हटलं.
हे खोटं नाही.
तारी वहीत मान घालून बसले, हसले की खोकले कळलं नाही.

संध्याकाळी पुन्हा एकदा फोटो उघडला,
चिठ्ठी तपासायला.
बापाच्या मागे, चौकटीच्या काठाला,
एका पोराचा अर्धा खांदा आहे,
गंजिफ्रॉक घसरलेला.
मी दोघांनाही विचारलं होतं, वेगवेगळ्या दिवशी.
दोघांनी बोट ठेवून सांगितलं: माझो.
चिठ्ठीवर त्यासाठी रकाना नाही.